लिव्हर किती कडक? फायब्रोस्कॅन आणि इलास्टोग्राफीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायब्रोस्कॅनचा रिपोर्ट हातात पडला की त्यावरचा एक आकडा डोळ्यांत भरतो आणि बाकीचा कागद दिसेनासा होतो. मला येणारे बहुतेक प्रश्न त्या एका आकड्याभोवतीच फिरतात. ही तपासणी मी रोज करते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न साध्याकडून किचकटाकडे असे इथे लावले आहेत. उत्तरांची पुनरुक्ती नको म्हणून संबंधित प्रश्नाचा क्रमांक त्या त्या जागी दिला आहे.

१. फायब्रोस्कॅन म्हणजे काय? साध्या सोनोग्राफीत हे कळत नाही का?

साधी सोनोग्राफी लिव्हरचं चित्र दाखवते. आकार, चरबीमुळे आलेला पांढुरकेपणा, गाठी, रक्तवाहिन्या हे सगळं त्यात दिसतं. पण लिव्हर हाताला किती टणक लागेल, हे चित्रात दिसत नाही. डॉक्टर पोट तपासताना उजव्या बरगड्यांखाली बोटं ठेवून "खोल श्वास घ्या" म्हणतात, तेव्हा बोटांना लागणारी लिव्हरची कड मऊ आहे की टणक, हेही ते पाहत असतात. इलास्टोग्राफी तोच स्पर्श आकड्यात आणते.

कडकपणा मोजायचा तो अशासाठी, की लिव्हरला वर्षानुवर्षं इजा होत राहिली (विषाणू, दारू, चरबी, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला) की जखमा भरताना तंतुमय व्रण साठत जातात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. तो वाढत गेला की शेवटी सिऱ्होसिस होतो, म्हणजे व्रणांनी लिव्हरची रचनाच बिघडते. सुरुवातीच्या फायब्रोसिसमध्ये सोनोग्राफीचं चित्र अगदी नेहमीसारखं असू शकतं.

फायब्रोस्कॅन हे खरं तर पॅरिसच्या इकोसेन्स कंपनीच्या यंत्राचं नाव. ते २००३ च्या सुमारास वापरात आलं, आणि अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने) त्याला २०१३ मध्ये मान्यता दिली. तंत्राचं नाव ट्रान्झिएंट इलास्टोग्राफी. हल्ली इतर पद्धतींनाही लोक सरसकट फायब्रोस्कॅन म्हणतात, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो (प्रश्न ८ पाहा).

२. बाहेरून नुसतं टेकवून आतला कडकपणा कळतो तरी कसा?

प्रोबचं, म्हणजे हातात धरायच्या तपासणीच्या दांड्याचं, टोक बरगड्यांमधल्या फटीत टेकवलेलं असतं. बटण दाबलं की ते टिचकी मारल्यासारखा एक ठोका देतं. ५० हर्ट्झच्या त्या ठोक्याने लिव्हरमध्ये एक लहर निघते. तिला शिअर लहर म्हणतात. दोरीचं एक टोक झटकल्यावर दोरीतून लाट पुढे सरकते, काहीशी तशी ती आत सरकत जाते. त्याच प्रोबमधून निघणारा अल्ट्रासाऊंड तिच्या मागावर असतो.

अल्ट्रासाऊंडला हे जमतं, कारण दोघांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो, तर निरोगी लिव्हरमध्ये शिअर लहर सेकंदाला मीटर-सव्वा मीटरच जाते. धावणाऱ्याने रांगणाऱ्यावर नजर ठेवावी, इतकं ते सोपं.

लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगवान. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला तीनने गुणायचं, की कडकपणा किलोपास्कलमध्ये मिळतो. लहरीचा वेग सेकंदाला १.३ मीटर असेल तर साधारण ५ किलोपास्कल, २ मीटर असेल तर १२, आणि ३ मीटर असेल तर २७. वेग दुप्पट झाला तर आकडा चौपट होतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे दोनदा उपयोगी पडेल.

तपासणीच्या वेळी पडद्याकडे पाहायला मिळालं तर एक तिरका पट्टा दिसेल. आडवी दिशा काळाची, उभी दिशा खोलीची. मऊ लिव्हरमध्ये तो पट्टा निवांत उतरतो, कडक लिव्हरमध्ये कड्यासारखा सरळ खाली जातो. मी स्वतः आकड्याच्या आधी तो पट्टा पाहते. तो फाटका, वेडावाकडा असेल तर आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

३. उपाशी पोटी यायचंच का? चहा-बिस्किटं चालतील?

नाही. किमान तीन तास काही खाऊ नका. गोळ्यांसाठी घोटभर पाणी चालेल.

जेवणानंतर आतड्यांकडून लिव्हरकडे येणारं रक्त वाढतं. लिव्हर त्या रक्ताने भरतं, आणि त्याचं आवरण फारसं ताणलं जात नसल्यामुळे ते तेवढ्यापुरतं कडक लागतं. आधीच फायब्रोसिस असलेल्या माणसात ही वाढ जास्त ठळक दिसते. म्हणजे ज्यांच्या बाबतीत अचूक आकडा सर्वांत गरजेचा, नेमका त्यांचाच आकडा जेवणाने फसवा होतो. टेबलावर झोपलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते तो "शेवटचं कधी खाल्लंत?" हाच. उत्तर "तासाभरापूर्वी" असं आलं तर त्यांना बाहेर बसवून ठेवते. कुणाला राग येतो, पण चुकीच्या आकड्यापायी महिनाभर झोप उडण्यापेक्षा दोन तास थांबणं बरं.

४. दुखतं का? किती वेळ लागतो?

दुखत नाही. पाठीवर झोपायचं, उजवा हात डोक्याखाली घ्यायचा, म्हणजे बरगड्यांमधली जागा मोकळी होते. थोडी जेल लावतात आणि दहा-बारा टिचक्या बसतात. मध्ये काही सेकंद श्वास सहज धरायला सांगतात; छाती भरून श्वास घेऊ नका. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही.

५. माझा आकडा अमुक आला. नॉर्मल किती असतो?

निरोगी लिव्हर साधारण ५ किलोपास्कलच्या आसपास असतं. यंत्र २.५ पासून ७५ पर्यंत मोजू शकतं. पुढचे उंबरठे ट्रान्झिएंट इलास्टोग्राफीचे आहेत आणि जुनाट आजारासाठी आहेत.

आकडा १० च्या खाली असेल आणि दुसरी कुठली खूण नसेल, तर आजार पुढच्या टप्प्यात (गंभीर फायब्रोसिस किंवा सिऱ्होसिस) गेल्याची शक्यता बरीच कमी. १० ते १५ म्हणजे शंका, आणखी तपासण्या हव्यात. १५ च्या वर असेल तर पुढचा टप्पा असण्याची दाट शक्यता. फॅटी लिव्हरमध्ये उंबरठे थोडे खाली धरतात: ८ च्या खाली गंभीर फायब्रोसिस बहुतेक नाही, १२ च्या वर तो असण्याची शक्यता जास्त, आणि मधल्यांसाठी दुसरी एखादी चाचणी.

आकडा ७.९ की ८.१ यावर डोकं शिणवू नका. तेवढा फरक मोजमापातच असतो.

६. रिपोर्टवर "एफ ३" लिहिलंय. म्हणजे फायब्रोसिसची तिसरी पायरी नक्की झाली का?

नाही, आणि हे उत्तर नीट वाचा, कारण सर्वांत जास्त मनस्ताप याच ओळीने होतो.

एफ ० ते एफ ४ या पायऱ्या बायोप्सीच्या, म्हणजे सुईने काढलेल्या लिव्हरच्या तुकड्याच्या तपासणीच्या, आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली व्रण कुठवर पोचले, हे पाहून त्या ठरतात. इलास्टोग्राफी व्रण पाहत नाही, ती कडकपणा मोजते. यंत्राने दिलेला "एफ" हा आकड्याचा केलेला अनुवाद असतो, आणि अनुवादाचा कोश आजारागणिक बदलतो. हिपॅटायटिस सी साठी पूर्वीपासून वापरात असलेले उंबरठे ७.१, ९.५ आणि १२.५ आहेत, फॅटी लिव्हरचे वेगळे, दारूमुळे होणाऱ्या आजाराचे वेगळे. रिपोर्ट छापताना यंत्रात कोणता आजार निवडला होता, यावरही तो "एफ" बदलू शकतो. शिवाय शेजारशेजारच्या पायऱ्यांचे आकडे एकमेकांत चांगलेच मिसळतात. दोन टोकं वेगळी ओळखणं या तपासणीला उत्तम जमतं, मधल्या पायऱ्या वेगळ्या करणं तितकंसं नाही.

शिवाय कडकपणा फक्त व्रणांमुळे येत नाही (प्रश्न १० पाहा). म्हणून मी रिपोर्टमध्ये किलोपास्कल, मोजमापाचा दर्जा आणि तपासणीच्या वेळची परिस्थिती लिहिते. "एफ" मागितला तरच लिहिते, आणि तोही "सुसंगत" या शब्दासह.

७. "आयक्यूआर/मेडियन" हे काय प्रकरण आहे?

आकड्याच्या खालची ही ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. दहा वैध मोजमापं घेतात आणि रिपोर्टवर त्यांची मधली किंमत येते. ती दहा मोजमापं एकमेकांपासून किती पांगलेली होती, हे आयक्यूआर सांगतं. मधली किंमत ८ आणि आयक्यूआर १.६ असेल तर प्रमाण २० टक्के, ठीक. आयक्यूआर ३.६ असेल तर ४५ टक्के, आणि मग त्या ८ ला फारसा अर्थ उरत नाही. प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत हवं. आकडा मुळातच ७ च्या खाली असेल तर थोडी जास्त पांगापांग खपते.

तेरा हजारांहून अधिक तपासण्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ३ टक्के वेळा मोजमाप मिळालंच नाही, आणि जवळपास १६ टक्के वेळा मिळालेलं विश्वासार्ह नव्हतं. लठ्ठपणा आणि तपासणाऱ्याचा कमी अनुभव ही मुख्य कारणं होती. तेव्हा ही ओळ रिपोर्टवर नसेल तर ती मागून घ्या.

८. माझी तपासणी नेहमीच्या सोनोग्राफी मशीनवर "शिअर वेव्ह" म्हणून झाली. ती चालते का?

चालते, आणि तिची स्वतःची बलस्थानं आहेत. इथे बाहेरून ठोका नसतो. अल्ट्रासाऊंडचा एकवटलेला झोत लिव्हरच्या आतच एक सूक्ष्म धक्का देतो आणि तिथून लहर निघते. एका छोट्या चौकटीत मोजलं तर पॉइंट शिअर वेव्ह. मोठ्या भागाचा रंगीत नकाशा आला तर टू-डी शिअर वेव्ह. फायदा असा, की समोर चित्र असतं. मोठी रक्तवाहिनी टाळता येते, आणि आवरणाखाली दीड-दोन सेंटिमीटर खोल, नेमकी जागा निवडता येते. ट्रान्झिएंट इलास्टोग्राफीत असं चित्र नसतं.

या पद्धतीसाठी रेडिऑलॉजिस्टांच्या २०२० च्या सहमतीने वेगळे उंबरठे सुचवले आहेत. ५ किलोपास्कलपर्यंत नॉर्मल असण्याची दाट शक्यता. इतर खुणा नसताना ९ च्या खाली पुढचा टप्पा बहुतेक नाही. १३ च्या वर तो जवळपास नक्की, आणि १७ च्या वर पोर्टल रक्तदाब (लिव्हरमध्ये रक्त आणणाऱ्या शिरेतला दाब, प्रश्न १८ पाहा) वाढल्याची शंका.

काही यंत्रं किलोपास्कलऐवजी मीटर प्रति सेकंद छापतात. "माझा आकडा फक्त २.१ आहे, म्हणजे उत्तमच ना?" असं विचारणारे निरोप येतात. २.१ मीटर प्रति सेकंद म्हणजे सुमारे १३ किलोपास्कल. एकक पाहिल्याशिवाय आकडा वाचू नका. दर्जाचा निकषही बदलतो: वेगात पांगापांग १५ टक्क्यांपर्यंतच हवी, कारण वर्ग केल्यावर ती साधारण दुप्पट होते.

९. दोन ठिकाणी केली, एकीकडे ७ आणि दुसरीकडे ११. कोण चुकलं?

कदाचित कुणीच नाही. आधी यंत्र आणि पद्धत एकच होती का ते पाहा (प्रश्न ८). मग पोट रिकामं होतं का (प्रश्न ३), पांगापांग किती होती (प्रश्न ७), प्रोब कोणता होता (प्रश्न १२), आणि मधल्या काळात रक्तातली एंझाइम्स किती बदलली (प्रश्न १०). हे सगळं सारखं असूनही फरक उरला, तरच लिव्हर बदललं असं म्हणता येईल. सलग पाठपुरावा करायचा तर एकाच यंत्रावर करा, जमल्यास एकाच तपासनिसाकडून.

१०. कावीळ झाली होती, तेव्हा आकडा २० आला. मला सिऱ्होसिस झाला का?

हा प्रश्न घाबरलेल्या माणसांकडून येतो. म्हणून उत्तर आधी: त्या एका आकड्यावरून असं म्हणता येत नाही.

लिव्हर एका न ताणणाऱ्या आवरणात बांधलेलं आहे. आत सूज आली, रक्त तुंबलं किंवा पित्त अडलं, की दाब वाढतो आणि व्रण नसतानाही लिव्हर कडक लागतं. तीव्र हिपॅटायटिसमध्ये आकडा सहज सिऱ्होसिसच्या पट्ट्यात जातो आणि आजार ओसरल्यावर खाली येतो. एएलटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एंझाइम) नॉर्मलच्या पाचपटींहून जास्त असताना केलेलं मोजमाप फायब्रोसिससाठी धरू नये.

पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर तो निघाल्यावर आकडा उतरतो. हृदय कमकुवत असेल तर मागे तुंबलेलं रक्त लिव्हरमध्ये साचतं. अशा वेळी सोनोग्राफीत लिव्हरच्या शिरा फुगलेल्या दिसतात, आणि ते दिसलं की मी आकड्यापुढे तशी नोंद करते. सतत दारू घेणाऱ्यांत दारू थांबवल्यावर काही आठवड्यांतच आकडा लक्षणीय घटू शकतो. ही घट सूज उतरल्याची असते, व्रण इतक्या लवकर विरत नाहीत. क्वचित अमायलॉइडोसिससारख्या आजारात लिव्हरमध्ये प्रथिनं साठूनही आकडा खूप चढतो.

तेव्हा मूळ कारण शांत झाल्यावर, एंझाइम्स उतरल्यावर, तपासणी पुन्हा करा. उलट बाजूही सांगते: आकडा कमी आला तर सूज किंवा रक्त तुंबणं असूनही तो कमी आला आहे, म्हणून त्यावर जास्त विसंबता येतं. ही तपासणी आजार नाकारण्यात सिद्ध करण्यापेक्षा सरस आहे, ती यामुळेच.

११. रिपोर्टवर "कॅप २९०" आहे. हा कसला आकडा?

चरबीचा. कडकपणाशी त्याची गल्लत करू नका. चरबीतून जाताना अल्ट्रासाऊंड जास्त क्षीण होतो. ते क्षीण होणं कॅप मोजतं, डेसिबल प्रति मीटरमध्ये, १०० ते ४०० या पट्टीवर. साधारण २७५ च्या वर चरबी असण्याची शक्यता बरीच जास्त. कॅप भरपूर आणि कडकपणा ५ असेल तर चरबी आहे, व्रण बहुतेक नाहीत. उलट, सिऱ्होसिस पुढे गेला की चरबी कमी झालेलीही दिसते. तेव्हा कॅप उतरला म्हणून हुरळून जाऊ नका.

१२. वजन जास्त आहे. मोजमाप नीट येईल का?

येतं, प्रोब योग्य असेल तर. नेहमीचा एम प्रोब ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्वचेपासून २५ ते ६५ मिलिमीटर खोलीचा पट्टा मोजतो. त्वचेखालची चरबीच २५ मिलिमीटरहून जाड असेल तर तो लिव्हरऐवजी अर्धी चरबी मोजत बसेल. त्यासाठी एक्सएल प्रोब असतो: २.५ मेगाहर्ट्झ, ३५ ते ७५ मिलिमीटर. एकाच माणसावर दोन्ही वापरले तर एक्सएलचा आकडा थोडा कमी येतो, म्हणून पुढच्या वेळी तोच प्रोब वापरा. लहान मुलांसाठी एस प्रोब वेगळा.

१३. पोटात पाणी झालंय. तरी करायची का?

ट्रान्झिएंट इलास्टोग्राफी नाही. शिअर लहर द्रवातून जात नाही. ठोका पाण्याशीच थांबतो. प्रश्न ८ मधल्या पद्धतींत लहर लिव्हरच्या आतच जन्मते, त्यामुळे तिथे मोजमाप मिळू शकतं. पण सिऱ्होसिसमुळेच पाणी झालं हे ठरलेलं असेल तर आकड्याने उपचार सहसा बदलत नाहीत.

१४. गरोदर आहे किंवा पेसमेकर आहे, तर?

यंत्राच्या सूचनांमध्ये दोन्हींसाठी सावधगिरी सांगितली आहे. तपासणीपूर्वी न विसरता सांगा. निर्णय डॉक्टर घेतील.

१५. साधं फॅटी लिव्हर निघालं. लगेच इलास्टोग्राफी करू का?

आधी एक हिशेब करा, रक्ताच्या साध्या रिपोर्टवरून. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एएसटी (एएलटीसारखंच दुसरं एंझाइम). त्याला प्लेटलेट्स (हजारांत) आणि एएलटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. वय ५०, एएसटी ४०, एएलटी ४९, प्लेटलेट्स दोन लाख असतील तर वर २०००, खाली २०० गुणिले ७ म्हणजे १४००. उत्तर १.४३.

१.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. वजन, साखर सांभाळा आणि काही वर्षांनी हिशेब पुन्हा करा. त्याच्या वर असेल तर इलास्टोग्राफी करा. वरच्या उदाहरणातल्या माणसाने ती करावी. पासष्टीनंतर वयामुळेच उत्तर फुगतं, म्हणून तिथे उंबरठा २ धरतात. पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही. मधुमेह असेल तर तपासणीचा उंबरठा मी स्वतः खालीच ठेवते.

१६. मग बायोप्सीची गरज संपली का?

पुष्कळांची संपली, सगळ्यांची नाही. सुईने निघणारा तुकडा लिव्हरचा सुमारे पन्नास हजारावा भाग असतो, तर इलास्टोग्राफी एक सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब दंडगोल मोजते, म्हणजे साधारण शंभरपट ऊतक. पण ती "किती" सांगते, "का" सांगत नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे का, औषधाने इजा झाली का, दोन आजार एकत्र आहेत का, हे पाहायला अजून ऊतकच लागतं. रक्त तपासण्या एक सांगतात आणि आकडा दुसरं, तेव्हाही.

१७. एमआर इलास्टोग्राफीत ३.५ आला, फायब्रोस्कॅनमध्ये १०. इतका फरक?

फरक जवळपास नाहीच. दोन्हीकडे किलोपास्कल लिहिलेलं असलं तरी मोजलेली राशी वेगळी आहे. एमआर, म्हणजे एमआरआय यंत्रावर केलेली इलास्टोग्राफी, शिअर कडकपणा सांगतं, फायब्रोस्कॅन यंग गुणांक, जो साधारण तिप्पट असतो. ३.५ ची तिप्पट १०.५. दोन्ही यंत्रं एकच गोष्ट सांगत आहेत.

१८. आकडा जास्त आहे म्हणून एंडोस्कोपी सांगितली. लिव्हरचा आणि अन्ननलिकेचा काय संबंध?

लिव्हर कडक झालं की त्यात शिरणारं रक्त अडतं, पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त आडवाटांनी जातं. त्यातली एक वाट अन्ननलिकेच्या शिरांची. त्या फुगतात आणि फुटू शकतात.

इटलीतल्या बावेनो गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञांच्या परिषदेने २०१५ मध्ये सुचवलं: आकडा २० च्या खाली आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतील तर तपासणीची एंडोस्कोपी टाळता येते. २०२१ च्या बैठकीने १०, १५, २०, २५ असा पाच-पाचचा पाढा दिला. १५ पर्यंत आकडा आणि दीड लाख किंवा जास्त प्लेटलेट्स असतील तर धोकादायक पोर्टल दाब बहुधा नाही; २५ च्या वर तो जवळपास धरूनच चालतात. मात्र लठ्ठपणासह फॅटी लिव्हर असेल तर २५ चा नियम तितका पक्का नाही.

१९. हिपॅटायटिस सी बरा झाला, आकडा १८ वरून ९ वर आला. आता तपासण्या बंद करू?

अजून नाही. विषाणू गेल्यावर पहिली घट बहुतांशी सूज उतरल्याची असते. व्रण त्यामागून सावकाश कमी होतात, आणि सगळ्यांचे सारखे होत नाहीत. ९ हा आकडा खरोखर चांगली बातमी आहे. पण आधी सिऱ्होसिसच्या पातळीला पोचलेल्या लिव्हरमध्ये कर्करोगाचा धोका लगेच संपत नाही. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवा.

२०. आकडा ६ आला, पण प्लीहा मोठी आणि प्लेटलेट्स सत्तर हजार. कशावर विश्वास ठेवू?

दोन्हींवर. आधी मोजमाप बरोबर आहे ना, ते प्रश्न ७ आणि १२ प्रमाणे तपासा. बरोबर असेल तर लिव्हर खरोखर मऊ आहे आणि पोर्टल दाब तरीही वाढलेला आहे, असं होऊ शकतं. पोर्टल शिरेत गुठळी असेल, किंवा लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचाच आजार असेल, तर अडथळा व्रणांचा नसतो, म्हणून आकडा १० च्या खाली राहतो. अशा माणसाला "नॉर्मल फायब्रोस्कॅन" म्हणून घरी पाठवू नये. डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून पोर्टल शीर पाहावी, रक्ताचे आजार तपासावेत, एंडोस्कोपी करावी. आणि लिव्हरमधल्या बारीक वाहिन्यांच्या आजाराची शंका असेल, तर बायोप्सी इथे हवीच.